संघाचे नाव मामांच्या घरून सोडवून आणिल्याची हकीकत

सर्व दौलतींचे दप्तरदार, यंत्रराखे, कारकून आणि जिन्याखालचे चहावाले यांसी जाहीर व्हावे कीं, संघाच्या नावावर जो प्रसंग गुदरला त्याविषयी लोक भलभलते बोलतात, कोणी म्हणतो यंत्र बिघडले, कोणी म्हणतो परक्याने घाला घातला, सबब खरे ते एकदा कागदावर यावे म्हणून ही हकीकत घडली तशी लिहिली आहे. पदरचे तिखटमीठ पडले असेल तर ते चवीपुरतेच.

पृथ्वीवर जितक्या दौलती तितकी इंटरनेटावरील नावांची दप्तरे, आणि प्रत्येक दौलतीच्या नावांचे शेपूट ठरलेले, एक टिंब आणि पुढे दोन अक्षरे. दौलत हत्तीएवढी असो कीं बेटाएवढी, टिंब एकच आणि अक्षरे दोनच, तेथे कोणाची मिजास चालत नाही. ज्यास आपल्या दुकानाचे वा शाळेचे नाव इंटरनेटावर मांडणे असेल त्याने दप्तरी ते लिहवावे आणि दरसाल नवे करून घ्यावे, मुदत चुकली कीं नाव सुटले, मग जो आधी येईल त्याचे. ऐशा बावन्न दप्तरांनी मिळून एक संघ स्थापिला, आणि त्या संघाची राजधानी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, खाली चष्म्याचे दुकान, लिफ्ट बंद.

त्या राजधानीच्या मुख्तार चिटणीसबाई. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर एकोणीस वर्षे त्यांचे सख्खे मामा बसले होते. बाईंनी कारभार हाती घेतांच पहिल्या आठवड्यात पडदे बदलले, कुलूप बदलले, यंत्रावरील जुन्या टपालपेट्या बंद केल्या, आणि मामांचे लाकडी कपाट चार हमालांकरवी भंगारात रवाना केले, तेव्हां मामा जिन्यात उभे राहून पाहत होते. तेथून अबोला पडला तो दोन वर्षे. मधल्या एकाही सभेचे बोलावणे मामांस गेले नाही. बाई म्हणत, वेळच होत नाही, आणि ते खरेही होते, परंतु मनाला खात होते हेही खरे.

पुढे सोमवारी महासभा नेमली. बावन्न दप्तरदार येणार, आणि बाई त्यांसमोर ‘नाव मुदतीत नवे करण्याची शिस्त’ हा चाळीस पानी ग्रंथ वाचणार, ऐसा बेत ठरला. आणि आदल्या शुक्रवारी दुपारी दोन वाजतां यंत्रराखा घामाघूम होऊन दारात उभा राहिला.

"बाई, नाव गेलं."

"कुणाचं?"

"आपलंच. संघाचं."

बाईंनी यंत्र उघडून पाहिले. संघाचे संकेतस्थळ अंधारले होते, टपाल ठप्प होते, आणि दप्तरी पाहतां कळले कीं मुदत कालच सरली, सवलत आज पाचपर्यंत, त्यानंतर नाव मोकळे. आणि नावांचे दलाल टपून बसलेले असतात, ते पाच वाजून एका क्षणाने नाव उचलतात आणि त्या जागी टकलावर केस उगवण्याचे तेल विकतात. बावन्न दौलतींस शिस्त शिकविणाऱ्या संघाच्या नावे तेल विकले जाणार, आणि सोमवारी बाईंनी तोंड कोठे लपवावे?

मग बाईंनी ज्या दप्तरी संघाचे नाव लिहिले होते तेथे फोन लाविला. नोंदकारकून मुलगी अति विनयशील. तिने हुकूम ऐकविला कीं, मुदत सरल्यावर नाव नवे होणे तें केवळ वहीत ज्याची नोंद त्याच्या सहीने, आणि त्याच्या घरच्या फोनवर त्याचा होकार ऐकूनच. बाईंनी आर्जव केले, मग जरब दिली.

"अगं, मी चिटणीस आहे संघाची!"

"हो बाई, आवाज ओळखते ना मी तुमचा. पण संघाच्या नियमांचं कलम सात आहे."

"कुणी लिहिलंय हे कलम सात?"

"तुम्हीच."

मग बाईंनी विचारिले, वहीत नोंद कोणाची? तों उत्तर आले, मामांची. बावन्न दप्तरांस ‘आपापल्या नोंदी ताज्या करा’ म्हणून बाईंनी सात खलिते धाडिले होते, परंतु स्वतःच्या घरची नोंद राहूनच गेली होती.

यंत्रराख्याने मसलत दिली कीं, जाऊ द्या, मधे एक आडवी रेघ घालून नवे नाव घेऊ. बाईंनी त्याजकडे ऐसे पाहिले कीं तो निमूट स्कूटरची किल्ली शोधू लागला. मग कूच जाहले. तीन मजले पायी उतरून, हेल्मेट एकच, ते बाईंच्या डोईस मोठे, रस्ता खणलेला, सिग्नलवर दोन वेळ खोळंबा, ऐशा संकटांतून फौज पावणेचारास मामांच्या दारी थडकली. बावन्न दौलतींशी भांडणाऱ्या बाईंचा हात घंटीपाशी जाऊन दोनदा मागे आला. तिसऱ्या खेपेस घंटी वाजली.

मामांनी दार उघडले, भाचीस पाहिले, आणि म्हणाले, "ये."

आंत जाऊन पाहतात तों समोर तेंच लाकडी कपाट. भंगारवाल्याकडून मामांनी सोडवून आणिले होते. बाईंनी मान खाली घालून कैफियत सांगितली. मामांनी कपाट उघडून एक फाइल काढिली, वर लिहिले ‘संघ, आवक’. आंत मुदतीच्या आठवणीची पांच पत्रे, साठ दिवस, तीस, पंधरा, सात आणि एक, आणि प्रत्येकास टांचलेली उत्तराची नक्कल, कीं पत्र पोचले, नाव नवे करावे, माझी संमती आहे, सभा केव्हां आहे?

"पाचही वेळा त्याच दिवशी उत्तर दिलं," मामा म्हणाले. "तुझं काहीच नाही. फोन करावा असं दोनदा वाटलं. मग म्हटलं, कामात असशील."

"मामा, ती पत्रं मी नाही पाठवली. यंत्र पाठवतं."

"माहीत आहे गं. ते यंत्र मीच बसवलंय. पण उत्तरं चिटणिसाच्या टेबलावर येतात. म्हटलं, वाचत तरी असशील."

ती उत्तरे ज्या टपालपेटीत पडत, ती पहिल्याच आठवड्यात बंद केलेल्यांपैकी होती. बाई तेथेच स्टुलावर बसल्या आणि हेल्मेटासकट रडू लागल्या.

"चुकलं मामा. कपाटापासून सगळंच चुकलं."

"बरं, बरं. आधी ते डोक्यावरचं काढ. पाचाला किती कमी आहेत?"

मग मामांनी चष्मा लावून, बाईंनी आणिलेल्या संमतीपत्रावरील कलम सात आद्यंत वाचिले, "चांगलं लिहिलंयस," ऐसा शेरा दिला, आणि यंत्रराखा घड्याळाकडे पाहून चुळबुळ करीत असतां, सावकाश, वळणदार सही केली. कागदाचे छायाचित्र रवाना जाहले, घरचा फोन वाजला, आणि मामांनी एकोणीस वर्षांच्या दस्तुराप्रमाणे ताठ उभे राहून होकार दिला. पांचास आठ मिनिटे कमी असतां संघाचे नाव परत आले. कारकून मुलीने पुसले, आतां नोंद बाईंच्या नावे करावी काय?

"नको," बाई म्हणाल्या. "मामांचीच राहू दे. खाली माझं लिही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, रक्त सांडले नाही, चहा मात्र यंत्रराख्याच्या हातून सांडला, तेलाचे दलाल हात चोळीत परतले. याउपर दप्तरी एवढेच नोंदणे कीं, ‘संघ, आवक’ या फाइलीत त्याच सायंकाळी सहावे पत्र दाखल जाहले, सोमवारचे सभेस यावे, हस्ताक्षर चिटणीसबाईंचे, आणि त्यावर मामांचा शेरा, पोचले, उत्तर समक्ष देतो.