नाना आणि तिसरा पाणघोडा

माझ्या धाकट्याच्या बारशाला लिंबाजीनाना आले, पाळण्यावर वाकून बाळाकडं नीट निरखून बघितलं आणि भर बायकांत म्हणाले, "चांगलं हाय लेकरू. पण पहिल्याची सर नाय." माझी बायको त्यानंतर कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही. नानांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमची आणि त्यांची भिंत एकच. पुंडलिकनगरात घर बघून घेता येतं, शेजारी जो मिळेल तो. नाना पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. जन्मभर पाणी कुठं गळतंय ते हुडकलं, आता सगळ्यातच गळती हुडकतात. चहाचा दुसरा कप पहिल्यासारखा नसतो. यंदाचा हुरडा मागच्या सालासारखा नाही. गल्लीतल्या गणपतीपुढं हात जोडून उभे राहिले, तरी डोळे मिटायच्या आधी म्हणालेच, "सोंड मागल्या सालीच बरी होती."

आता अशा माणसाचा शौक काय असावा? कार्टूनचे पिक्चर! पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी आणि मांडीवर पॉपकॉर्नचा डबा. त्यातही जीव एकाच पिक्चरवर. एक लठ्ठ पाणघोडा आणि त्याच्या पाठीवर राहणारा भित्रा बगळा. आहे परदेशी, पण बोलतात हिंदीत. पाणघोडा चिखलात रुतून बसतो आणि बगळा त्याला चोचीनं ओढायला बघतो, हे पहिल्या भागातलं सांगता सांगता नानांना हसून हसून ठसका लागतो. दुसरा भाग कसा होता विचारलं तर म्हणतात, "बरा हाय. पण..." पुढचं मी सांगायला नको.

तर यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिसरा भाग आला. नानांनी पहिल्याच दिवसाची तिकिटं काढली आणि मला, माझ्या दोन्ही पोरांना धरून नेलं.

काय सांगू तुम्हाला! पाणघोडा अंतराळात जातो. का जातो ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. बगळा मधूनच गाणं म्हणतो आणि ते संपता संपत नाही. थोरल्यानं मोबाइल काढला, धाकटा माझ्या मांडीवर झोपला. सगळं थिएटर गपगार, आणि नाना एकटेच मोठमोठ्यानं हसतायत. मी अंधारात वाकून बघितलं. तोंडानं हा हा हा चालू होतं, चेहरा मात्र खात्याची चौकशी लागल्यासारखा.

मी म्हटलं, बाहेर पडल्यावर पाणघोड्याचं काही खरं नाही. पण कसलं काय! पुढच्या खेळासाठी थांबलेल्या लोकांना नाना अडवून अडवून सांगायला लागले, "एक नंबर पिक्चर हाय! लेकरांना दाखवा. बिलकुल चुकवू नका." एका बाईंनी घाबरून पर्स छातीशी धरली. पुढचा आठवडाभर हेच. गल्लीतली पोरं रिक्षात कोंबायची आणि थिएटरात नेऊन बसवायची. पोरं परत येऊन म्हणायची, "लई बोअर हाय." की नाना डाफरलेच, "तुम्हाला काय कळतंय रे!"

मला काही राहवेना. एका संध्याकाळी त्यांना ओट्यावर गाठलं. "नाना, खरं सांगा. पिक्चर भिकार होता का नाही?"

नानांनी आधी इकडं तिकडं बघून घेतलं. "लई भिकार," ते हळूच म्हणाले. "पार वाटोळं केलं त्याचं."

"मग ही जाहिरात कशाला चालवलीय?"

"पडला तर चौथा काढतील का ते?"

"नाही काढला तर नाही काढला. तुमचं काय अडलंय?"

"रेणूसंगं काय बोलू मग?"

रेणू त्यांची एकुलती एक लेक, बंगळूरला नोकरीला. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, होत्या तोवर फोनवर त्याच बोलायच्या. शेवटी फोन नानांच्या हातात द्यायच्या आणि नाना "बरी हायस ना? ठेवतो" म्हणून परत करायचे. मग काकू गेल्या. फोन थेट नानांना यायला लागला आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना. जेवलात का? जेवलो. पाऊस आहे का? नाय. संपलं. अशात दुसरा भाग आला. पहिला रेणूनं लहानपणी नानांच्या शेजारी बसून बघितलेला. ती फोनवर सहज म्हणाली, दुसरा जास्त चांगला आहे. झालं, नाना पेटले! बापलेक तासभर भांडले. पुढचे कितीतरी रविवार त्या भांडणावरच निघाले.

मी म्हटलं, "अहो नाना, तिला सरळ सांगा ना, करमत नाही म्हणून."

मी काहीतरी वाह्यात बोललो असं नानांनी माझ्याकडं बघितलं. "असं कुठं म्हणतेत व्हय लेकीला? तिकडं जिवाला घोर लागायचा तिच्या. फोनला काय तरी निमित्त पाहिजे ना, सतीश."

मला भरून आलं. मी उठून घरात गेलो.

रविवारी दुपारी माझा फोन वाजला. रेणू! "सतीशदादा, नानांना सांगू नका हं. तिसरा भाग बघितला ना तुम्ही? त्यात काय काय होतं तेवढं सांगा. मला कुठला वेळ, आणि खरं सांगू का, मला कार्टून आता आवडतही नाहीत. पण नाना विचारतील."

मी तिला पाणघोड्याचा अंतराळातला सगळा प्रवास सांगितला. तिनं मन लावून ऐकला. मग म्हणाली, "मग काय सांगू त्यांना? चांगला म्हणू का वाईट?"

"वाईट म्हण," मी म्हटलं. "म्हणजे नाना लवकर सोडायचे नाहीत."

संध्याकाळी भिंतीपलीकडून नानांचा आवाज चढला. "अगं, तुला कळलाच नाय तो!" बायको टीव्ही लावत होती, तिला मी हातानंच थांबवलं. त्या भिकार पिक्चरची बाजू नानांनी अशी लढवली की वकिलानं ऐकत राहावं. मग आवाज खाली आला. मग थांबला.

नंतर आमचं दार वाजलं. नाना बाहेरच उभे, आत या म्हटलं तरी येईनात.

"रेणू म्हणती, पडला पिक्चर," ते म्हणाले. "काढतील ना रे चौथा?"

मला त्या धंद्यातलं ओ का ठो कळत नाही. तरी छातीठोकपणे सांगितलं, "काढतील की, नाना. काढल्याशिवाय राहतात का?"

"व्हय," नाना म्हणाले, आणि तरीही बराच वेळ तिथंच उभे राहिले.