तिसरी कॉफी

मुरिस एकदा केलेली चूक पुन्हा कधी करत नसे. दर वेळी नवी करत असे. बोस्नियातल्या त्राव्निक गावच्या बाजारात त्यानं कॉफीचं दुकान थाटलं, तेव्हा गिऱ्हाइकं कुरकुरली की मालक बडबड फार करतो. मुरिसनं तोंडाला कुलूप घातलं, तर लोक म्हणाले, काय ही घमेंड! कॉफी कडू लागते म्हणून त्यानं ती पातळ केली, तर म्हाताऱ्यांनी 'भांडी विसळलेलं पाणी' म्हणून नाकं मुरडली. प्रत्येक तक्रारीतून तो मनापासून शिकत होता आणि दुकानातल्या खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या.

दुकान बुडालं तर पुढे काय, याची आठवण करून द्यायला त्याचा मेहुणा फिक्रेत रोज यायचा. फिक्रेतचं टायरचं दुकान होतं.

"जावईबापू, निळा डगला शिवून तयार आहे. कधी येताय कामाला?"

"दादा, मी चुकांतून शिकतोय."

"शिका, शिका. एवढ्या शिक्षणात माणूस डॉक्टर झाला असता!"

फिक्रेतच्या हाताखाली, त्याचे टोमणे ऐकत जन्मभर चाकं फिरवायची, ही कल्पनाच मुरिसला नकोशी वाटायची. म्हणून नवी तक्रार कानावर आली, तसा तो पेटून उठला. तक्रार अशी की, मालक कंजूष. एका कपावर दुसरा विचारत नाही. मुरिसनं ठरवलं, एका कपाचे पैसे घ्यायचे आणि पुढचे कप न मागता, फुकट आणून ठेवायचे.

"दुसरी दे, पण तिसरी देऊ नकोस हं," त्याची बायको अझेमिना कप पुसता पुसता म्हणाली.

तिचं खरं होतं. तिथल्या कुठल्याही घरात पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी 'सिक्तेरुशा', म्हणजे उठा आता. यजमान तोंडानं काही बोलत नाही, कपच काय ते बोलतो.

"अगं, ते घरी. इथं लोक पैसे देऊन बसतात."

"म्हणजे पैसे देऊन हाकलून घेणार?"

मुरिस हसला. शनिवारी शेजारची चामिला आपल्या नवऱ्याच्या आत्याला, शेफिकाबाईंना, घेऊन आली. बाई चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, तेव्हा झाडांवर प्लम कच्चे होते. आता त्यांचा मुरंबाही घालून झाला होता. मुरिसनं पहिली कॉफी दिली, दुसरी दिली, आणि मग तोंडभर हसून तिसरी पुढे ठेवली.

शेफिकाबाईंनी कपाकडे पाहिलं. मग मुरिसकडे.

"मी फार वेळ बसले का?"

"छे छे, आत्याबाई! घ्या ना. ही माझ्याकडून, खास तुमच्यासाठी."

"खास माझ्यासाठी!" बाई ताडकन उठल्या. "चामिला, माझी बॅग भरायला घे. संध्याकाळची बस आहे ना?"

मुरिसची घाबरगुंडी उडाली. काहीतरी गोड द्यावं म्हणून त्यानं घाईघाईनं मिठाई कागदात गुंडाळली आणि बाईंच्या मागे धावला.

"आत्याबाई, हे तरी न्या!"

"वा! शिदोरीसुद्धा तयार!" बाई कडाडल्या आणि तरातरा चालू लागल्या.

तो परत आला, तर दुकानातल्या बाकीच्यांनी आपापल्या पुढ्यातले कप मोजले होते. ज्यांचा तिसरा होता ते टोप्या घालून निघाले, आणि त्यांच्याबरोबर आलेलेही उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिक्रेत डगला घेऊनच आला. मुरिसनं मुकाट्यानं एक हात बाहीत घातला. त्याला अगदी रडू येत होतं. तेवढ्यात चामिला धावत आत शिरली.

"मुरिसभाऊ, गेल्या! आत्याबाई गेल्या! मी काही बोलले असते, तर नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. आता सगळा राग तुमच्यावर!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या बहिणीकडे दीर येऊन बसलेत. उद्या घेऊन येऊ का?"

मुरिसनं हात बाहीतून हळूच बाहेर काढला.

पंधरा दिवसांत दुकानात बसायला जागा मिळेना. लोक पाहुण्यांना स्वागताची कॉफी घरी पाजत, गप्पांचीही पाजत, आणि मग म्हणत, "चला, जरा मुरिसकडे जाऊन येऊ." पाहुणे फणफणत बाहेर पडत. "काय उद्धट माणूस!" यजमानही मान डोलवत, "खरंच, फारच उद्धट!" आणि मुरिसला डोळा मारून, चांगली बक्षिशी ठेवून जात.

मग एक दिवस फिक्रेत आला. आज त्यानं 'जावईबापू' म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसला, पहिली कॉफी प्याला, दुसरी प्याला आणि मग घसा साफ करून म्हणाला, "मुरिस, माझ्या दुकानात येशील का रे?"

मुरिस दोन पावलं मागे सरला. "दादा, आता माझं बरं चाललंय हो."

"नोकरीला नाही रे बाबा! टायर बसवून होतो, तरी गिऱ्हाईक हलत नाही. राजकारण काय, फुटबॉल काय, गुडघेदुखी काय! दिवसातून तासभर ये. तू म्हणशील ते देतो."

मुरिस कप विसळायला वळला. फिक्रेत मात्र सुरूच होता. कोणतं गिऱ्हाईक किती बसतं, कोण काय बोलतं, सगळं रंगवून सांगायला लागला. दारात माणसं खोळंबली होती.

अझेमिना आतून आली आणि तिनं भावापुढे तिसरा कप ठेवला.

फिक्रेतनं कपाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. टोपी उचलून तो तडक बाहेर पडला आणि रस्त्यातच थबकला. मग वळून तिथूनच ओरडला,

"हेच! अगदी हेच पाहिजे मला! उद्यापासून या दोघंही!"