शंभर टक्के कान

चिमीला कानाच्या तपासणीसाठी तयार करायचं काम मामाकडे आलं, कारण घरात रिकामा तो एकटाच. (कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेल्या माणसाला सगळे कायमच्या सुट्टीवर समजतात.) चिमीच्या आईची, म्हणजे ताईची, ड्युटी सुटणार नव्हती, आणि चार वर्षांची चिमी डावीकडून हाक मारली की ढिम्म हलत नव्हती.

मामा आठवडाभर तिच्या पाठीमागे बसला. तिच्या कानांना हेडफोन, मोबाइलवर बारीक टुंई. आवाज आला की ठोकळा डब्यात. डाव्या कानाला दहातले चार.

मामाच्या वडिलांच्या, आप्पांच्या, कपाळाला नुसत्या आठ्या. "आपल्या घराण्यात कोणी बहिरं नाही. नापास व्हायचा मान तुझा एकट्याचा. आणि ती कपाळावरची झुलपं काप आधी!"

"आप्पा, ही परीक्षा नाही. ऐकू येत नसेल तर डॉक्टरांना कळायला नको?"

"आणि लोकांना कळेल त्याचं काय?"

असा हा म्हातारा. जन्मभर दुखणी झाकली आणि झाकणं घासूनपुसून ठेवली.

तपासणीच्या खोलीत चिमीसमोर मशीन, मशीनमागे तपासणाऱ्या बाई, बाईंच्या पाठीशी मामा आणि आप्पा. आवाज सोडला की मशीनवर बाईंच्या बाजूला, चिमीला दिसणार नाही असा, हिरवा दिवा. दिवा लागला, ठोकळा पडला. उजवा कान झाला, डावा सुरू झाला. एकही चुकेना.

"वा! शंभर टक्के," बाई म्हणाल्या.

घरी तर दहातले चार होते! असंच लिहून घरी पाठवलं तर पोरीच्या कानावर उपचार कोण करणार? त्यानं शेजारी पाहिलं. दिवा लागला. आप्पांनी नाक खाजवलं. ठोकळा पडला.

"आप्पा! कॉपी पुरवताय?" मामा ओरडला तसं बाहेर कुणाचं तरी बाळ दचकून रडायला लागलं. "नातीचा कान गेला तरी चालेल, तुमचं नाक शाबूत हवं!"

"सराव घेतला थोडा," आप्पा पुटपुटले. "रोज दुपारी, हा झोपला की."

बाईंनी आप्पांना बाहेर काढलं. डावा कान पुन्हा पहिल्यापासून. मामा श्वास रोखून बसला. दिवा, ठोकळा. दिवा, ठोकळा. दहातले नऊ!

"माझा सराव," मामा ऐटीत म्हणाला.

बाईंनी मागे वळून त्याच्याकडे बघत आणखी एकदा आवाज सोडला. "अहो मामा, दिवा लागला की तुमच्या भुवया कपाळात जातात. ती तेच बघतेय. व्हा बाहेर."

बाहेर बाकावर बापलेक बसले. दार बंद. आप्पा काठी फरशीवर टकटक आपटत होते. मामानं ती धरली. मग त्याला ती सोडवेना.

अखेर दार उघडलं. "डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. बहुतेक औषधानं जाईल, महिन्यानं पुन्हा दाखवा. वेळेवर कळलं." बाईंनी दोघांना न्याहाळलं. "आणि पुढच्या वेळी आईला पाठवा."

आप्पा खाली मान घालून उभे. त्यांना झाडायची अशी संधी मामाला जन्मात मिळाली नव्हती. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात चिमीनं त्याचा हात ओढला.

"मामा, पुढच्या वेळी केस कापून ये. भुवया नीट दिसतच नाहीत."

आप्पांची मान ताठ झाली. "दोन वर्षं मी दुसरं काय सांगतोय?"