तात्यांच्या नावाची कॉफी

विमा कंपनीच्या इमारतीत तळमजल्यावर एका नावाजलेल्या साखळीचं कॉफीचं दुकान होतं, आणि सोमवारी सकाळी तिथला भाव पुन्हा वाढला.

"अरे, कॉफी देतात का सोनं वितळवून देतात?" हेडक्लार्क तात्या टेबलावर हात आपटत म्हणाले. "आजपासून त्या दुकानाची पायरी चढायची नाही! आपल्याशिवाय कसं चालतं तेच बघतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शुक्रवारी कर्मचारी संघाच्या अध्यक्षाची निवडणूक होती. गेल्या खेपेला तात्या थोडक्यात आपटले होते, आणि आताही समोर तेच टकले रोखपाल उभे होते. पण टाळ्या ऐकल्या आणि तात्यांना खुर्ची दिसायला लागली.

मंगळवारी त्यांचं डोकं ठणकायला लागलं. घरून थर्मास आणला होता, पण त्याला खालच्या कॉफीची सर कुठली! बुधवारी तर त्यांनी समोर बसलेल्या धडधाकट माणसाचा मृत्यूचा दावा मंजूर करून टाकला.

"अहो, एक कप पिऊन या ना," रात्री बायको म्हणाली. "जीव का जाळताय?"

"मी पुढारी आहे, पुढारी! लोक काय म्हणतील?"

"मग पुढाऱ्यासारखं वागा. मागच्या दाराने जा."

गुरुवारी मेहुण्याचा कोट, कानटोपी आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना मिळालेला काळा चष्मा असा सगळा जामानिमा करून तात्या मागच्या दाराने आत शिरले. वेषाचा विचार त्यांनी बारकाईने केला होता. एकच गोष्ट राहिली. त्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव कपावर लिहीत आणि कॉफी झाली की मोठ्याने पुकारत.

"नाव?" काउंटरवरच्या पोरीने विचारलं.

"तात्या." बोलून गेले आणि जीभ चावली.

"अगबाई, तुम्हीपण तात्या?"

"तुम्हीपण म्हणजे?"

"वरच्या ऑफिसातून सोमवारपासून नुसते तात्याच येताहेत हो! एक टकले तात्या, एक जाड चष्म्याचे तात्या. काल तर एक बाई आल्या, त्याही म्हणाल्या, तात्या लिहा."

तात्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चोरून कॉफी प्यायची सगळ्यांनी आणि बिल फाडायचं तात्यांच्या नावावर! ते संतापाने काही बोलणार, तेवढ्यात मॅनेजर हात पसरून धावत आला.

"तात्या! या आठवड्यात सगळ्यात जास्त कॉफी तुमच्या नावावर गेली. आजचा कप आमच्याकडून! तो चष्मा काढा बघू जरा."

चष्मा निघाला, फ्लॅश चमकला, आणि पाच मिनिटांत काउंटरमागच्या भिंतीवर तात्यांचा हसरा फोटो लागला. खाली ठळक अक्षरं: 'आठवड्याचे लाडके ग्राहक'. तात्यांनी हातापाया पडून बघितलं, पण कंपनीचा नियम म्हणजे नियम. आता संपलं सगळं, असं मनाशी म्हणत त्यांनी कप तोंडाला लावला. कॉफी मात्र फक्कड होती.

शुक्रवारी तात्या भिंतीच्या कडेकडेने सभेला गेले. खुर्ची गेलीच होती, आता अब्रूही जाणार होती.

"तात्यांच्या विरोधात कोणाला काही बोलायचंय?" सभेच्या अध्यक्षांनी विचारलं.

रोखपाल ताडकन उठले. तात्यांनी डोळे मिटून घेतले. रोखपालांनी तोंड उघडलं, इकडेतिकडे बघितलं, काहीतरी मनात आलं असावं, आणि तोंड परत मिटलं.

"मी... अर्ज मागे घेतो," ते कसेबसे म्हणाले आणि खाली बसले.

तात्या बिनविरोध निवडून आले. अभिनंदनाला सगळ्यात आधी टायपिस्टबाई आल्या. आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या, "बाकी काही म्हणा तात्या, फोटोत डोळे तेवढे मिटायला नको होते."

"कुठला फोटो?" तात्यांनी खणखणीत आवाजात विचारलं.

सगळी सभा एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली.