कुंपणमुक्ती दिन

एका जंगलात, मुलांनो, एकच पाणवठा होता आणि त्याला कुंपण होते. आत वाघ पाणी पीत असे. बाहेर बाकीची जनावरे आवंढे गिळत.

दंतोबा रानडुकराला हे सहन होईना. एका चैत्रात त्याने धडक मारली. त्याचा डावा सुळा मोडला, पण कुंपणही मोडले. वाघ धावून आला, तेव्हा काटूबाई साळिंदर आडवी उभी राहिली. तिचे अकरा काटे पंजात घेऊन वाघ जो गेला, तो परत आला नाही. त्या सकाळी सगळे पोटभर पाणी प्यायले. इतके गोड पाणी जन्मात प्यायलो नाही, असे दंतोबा म्हणाला.

मग जंगलात सरकार आले आणि दंतोबा पाणवठा मंत्री झाला. त्याला सचिव म्हणून घोरपड मिळाली. ती वाघाकडेही सचिवच होती. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही इतिहासात शिकलाच आहात.

घोरपडीने सुचवले की क्रांतीचा वाढदिवस व्हावा आणि साहेबांनी दरवर्षी कुंपण मोडून दाखवावे. दंतोबाला कल्पना फार आवडली. अडचण एकच होती. मोडायला कुंपणच नव्हते.

म्हणून ते बांधले.

पहिला समारंभ झकास झाला. सैल करून ठेवलेल्या बांबूंना दंतोबाने नुसता सुळा टेकवला. कुंपण पडले, सगळे पाणी प्यायले, हारतुरे झाले. दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाची तयारी म्हणून कुंपण पुन्हा उभे राहिले. दरवर्षी ते वीतभर उंच होऊ लागले, कारण क्रांती लहान दिसून चालत नाही. मंत्र्यांचे पाणी माठातून घरी येई. इतरांना तीन टेकड्यांपलीकडचा ओढा होताच.

यंदा ओढा आटला. काटूबाई आपली दोन पिल्ले घेऊन मंत्र्याच्या दारी आली.

"दंत्या, कुंपण उघड," ती म्हणाली.

साहेब म्हणावे, असे घोरपडीने सुचवले. काटूबाईने तिच्याकडे पाहिलेही नाही.

दंतोबाने मायेने विचारपूस केली. समारंभ नऊ दिवसांवर आला आहे, तुला पहिल्या रांगेत बसवतो, शालही देतो, असे सांगितले.

"पिल्लं नऊ दिवस काढायची नाहीत."

"अगं, पण आज उघडलं तर त्या दिवशी मी मोडू काय?"

काटूबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुझा मोडका सुळा कुठाय रे?"

"संग्रहालयात," दंतोबा अभिमानाने म्हणाला.

"मग दुसराही देऊन टाक," ती म्हणाली आणि पिल्लांना घेऊन निघून गेली.

थोड्या वेळाने पाणवठ्याकडून बांबू कडाडल्याचा आवाज आला. दंतोबाने तो लगेच ओळखला. उरलेला सुळा ठणकला, पाय आपसूक तिकडे वळले. तेवढ्यात घोरपडीने काटूबाईवरच्या गुन्ह्याचा कागद पुढे केला. सरकारी कुंपणाची मोडतोड, तीही समारंभाच्या आधी. दोन्ही पिल्ले पोटभर पाणी प्यायल्याचे पुराव्यात नमूद होते.

दंतोबाने सही केली. मग त्याने माठातले पाणी मागवले, घोटभर प्यायला आणि म्हणाला, "घोरपडबाई, हल्ली पाण्याला चव का नसते?"

घोरपडीने चौकशी समिती नेमली.

तात्पर्य: मुलांनो, कुंपण मोडायचे झाल्यास तारीख पाहून आणि परवानगी घेऊन मोडावे. तहान मात्र तारीख पाहून लागत नाही. हा दोष तहानेचा आहे, सरकारचा नाही.