ढोबळे सरांचा ‘ख’

ढोबळे सर दुकानात शिरताना माल पाहत नाहीत, पाटी पाहतात. पाटीचं अक्षर पसंत पडलं नाही तर तिथला कांदासुद्धा घेत नाहीत. गल्लीतला चांगल्या हातगुणाचा डॉक्टर त्यांनी असाच सोडला. “त्याच्या बोर्डावर अक्षर घुसमटून राहिलं गा,” मला म्हणाले, “तो पेशंटले काय श्वास देईन?”

सर चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, सर मोबाइलला लागले. जगात कुठे कोणी नवं पोस्टर केलं, पुस्तकाचं मुखपृष्ठ रंगवलं, नवी अक्षरं घडवली, की सकाळी सहाला ते आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर हजर. कधी जपानी बिस्किटाचा पुडा, कधी पोलंडमधल्या नाटकाची जाहिरात. खाली सरांची टीप: ‘मोकळी जागा पाहा.’ आम्ही पडलो रसिक. जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो आणि नळ कधी येणार ते विचारतो.

एकदा त्यांच्या स्कूटरवर मागे बसून इतवारीच्या बाजारात पातेलं घ्यायला गेलो. घोडचूक माझीच. भर गर्दीत सरांनी ब्रेक मारला, कारण मिठाईच्या एका नव्या दुकानावर कोणा पोरीने हाताने अक्षरं काढली होती. हातगाडीवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते आणि सर फोटो काढत होते. पातेलं राहिलंच. घरी बायकोने जे ऐकवलं, त्यात मोकळी जागा अजिबात नव्हती.

हे वेड कशापायी आहे ते कॉलनीला ठाऊक आहे, म्हणून पोटभर हसताही येत नाही. काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली आहे. डॉक्टरांनी, चांगल्या पाटीवाल्यांनीसुद्धा, हात टेकले. स्वयंपाकाला बाई ठेवायला काकू तयार नाहीत. तेव्हा काकूंना वाचता येईल असं एक अक्षर सर स्वयंपाकघरातल्या डब्यांसाठी शोधत आहेत. त्यासाठी त्यांनी जगभरचे कलावंत कामाला लावलेत आणि त्या बिचाऱ्यांना पत्ताही नाही.

परवा मला साक्षीला बोलावलं. आठवडाभर सर ‘साखर’मधल्या ‘ख’शी झुंजत होते. त्याची पोटं चिकटून राहिली, त्याले हवा मिळत नाही, ही तक्रार उठताबसता घरात चालली होती. अखेर जाड काळ्या अक्षरांचं कार्ड तयार झालं. मी सरांच्या मागे उभा होतो. त्यांनी कार्ड काकूंपुढे धरलं.

“वाच वं.”

काकूंनी मान जरा तिरकी केली, डोळे बारीक केले. “साखर,” त्या म्हणाल्या. “अन् तुमचा ख तं लय मोकळा दिसून राहिला.”

घाईत सरांनी कार्ड उलटं धरलं होतं. काकूंसमोर कोरी बाजू होती, अक्षरं सगळी आमच्याकडे. मला ते दिसलं आणि त्याच क्षणी सरांनाही. त्या दोघांकडे बघवेना.

सरांनी कार्ड हळूच खिशात घातलं.

“मंग? म्हटलं होतं न तुले,” ते म्हणाले. “अक्षर चांगलं असलं का दिसतेच.”

काकू खुशीत चहा ठेवायला उठल्या. सर त्यांच्या मागोमाग ओट्यापाशी गेले आणि साखरेचा डबा त्यांच्या हाताशी सरकवला.