ठोकून पळालेली टाकी

ब्रेकबाई किल्ली घेऊन जिना उतरत होत्या, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला आणि जिन्यातल्या काचा थरथरल्या. बाई गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या आधी आपलाच पाय ब्रेकवर ठेवायची त्यांची सवय, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलेलं. फाटकाबाहेर येऊन पाहतात तर शिकवणीची गाडी जागेवरच होती. फक्त तिचं मागचं छत आत गेलं होतं आणि मागच्या सीटवर एक काळवंडलेली, गोल टाकी ऐसपैस बसली होती.

"कुणाची टाकी पडली गं?" नवऱ्याने गॅलरीतून विचारलं.

गल्लीतल्या प्रत्येकाने गच्चीवर जाऊन आपापली टाकी पाहून घेतली. सगळ्या जागच्या जागी होत्या. तळमजल्यावरच्यांची गळत होती, हे तेवढं या निमित्ताने सगळ्यांना कळलं.

दुपारी विज्ञान खात्याचा अधिकारी यंत्र घेऊन आला. त्याने टाकीभोवती फेऱ्या मारल्या, यंत्र लावून पाहिलं आणि धोका काही नाही असं सांगितलं. ही एका रॉकेटची इंधनाची टाकी. काम संपल्यावर वर्षानुवर्षं पृथ्वीभोवती फिरत होती, आज खाली आली. हे सांगताना त्याला जुना मित्र भेटल्यासारखा आनंद झाला होता. मग त्याने गाडीभोवती दोरी बांधली आणि हात लावायचा नाही असं बजावलं. आंतरराष्ट्रीय करार होता. वरून पडलेली वस्तू ज्याने पाठवली त्याच्याच मालकीची राहते.

"मग त्याला सांगा, घेऊन जा म्हणावं. आणि माझी गाडी भरून दे."

"तिथंच घोळ आहे, बाई." टाकी एका देशाने बनवलेली, उडवली दुसऱ्याच्या जमिनीवरून, आणि उडवणाऱ्या कंपनीची नोंद तिसऱ्याच देशात.

बाईंच्या लेखी यात घोळ नव्हताच. एक वाहन आलं, ठोकून गेलं, चालक पळाला. त्यांनी चौकीत तशी तक्रार द्यायला घेतली. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि वाहन कुठल्या दिशेने आलं ते विचारलं. बाईंनी बोट वर केलं. हवालदाराने पेनाला टोपण लावलं. पुढच्या आठवड्यात त्यानेच येऊन, गाडी रस्ता अडवते म्हणून काचेवर नोटीस चिकटवली.

विमावाल्यांच्या यादीत झाड होतं, भिंत होती, गारासुद्धा होत्या, टाकी नव्हती. तिन्ही देशांच्या वकिलातींत बाईंनी फोन केले. तिघांनीही अतिशय अदबीने खेद व्यक्त केला आणि दुसऱ्याचा नंबर दिला.

"भंगारवाल्याला देऊन टाक आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"अहो, भंगारात गेली की ठोकणारा सुटला. मी नाही सोडणार."

शिकवणीही त्यांनी सोडली नाही. दोरीखालून आत शिरून पुढच्या सीटवर बसायचं आणि उभ्या गाडीत क्लच, गिअर, आरसा. एक कॅशियर बाई स्टिअरिंग धरलं की घामाघूम व्हायच्या, त्यांची भीती याच दिवसांत गेली. आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसती टाकी दिसायची. तरी ब्रेकबाई मनातल्या दर वळणाआधी त्यांना आरशात बघायला लावत.

शेवटी बाईंनी तिन्ही वकिलातींना एकच पत्र पाठवलं. येत्या सोमवारी सकाळी जो येईल त्याची टाकी. कुणीच आलं नाही तर ती बेवारशी समजून गॅसकटरने कापणार, वर्तमानपत्रवाल्यांसमोर.

सोमवारी तिघेही हजर. आपल्या टाकीच्या पोटात काय आहे ते इतर दोघांनी बघू नये, एवढ्यावर मात्र तिघांचं एकमत होतं. एक जाड चष्म्याचे वयस्क गृहस्थ, एक उंच गृहस्थ आणि एक तरुण बाई, तिघं ब्रेकबाईंच्या बैठकीत चहा घेत बसले. चष्मेवाले म्हणाले, टाकी बनवली आम्ही, पण विकली की संबंध संपला. उंच गृहस्थांनी फक्त जमीन दिली होती. तरुण बाईच्या देशात कंपनीचं नुसतं एक टेबल होतं.

"वर अशा किती फिरतायत?" ब्रेकबाईंनी विचारलं.

"मोठे तुकडे हजारोंनी आहेत. बारीक तर मोजताच येत नाहीत," चष्मेवाले म्हणाले.

"आणि वाहतूक कोण बघतं?"

"तसं कुणी नाही. मार्गदर्शक सूचना आहेत."

"नाही पाळल्या तर?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "खेद व्यक्त केला जातो," तरुण बाई म्हणाली.

काहीच न ठरता सगळे उठले. गल्ली अरुंद, त्यात टाकीवाली गाडी आडवी आलेली. उंच गृहस्थांनी आपली गाडी जोरात मागे घेतली, ती तरुण बाईच्या गाडीवर आदळली आणि तिची चष्मेवाल्यांच्या गाडीला जाऊन भिडली. तिघं खाली उतरले. बाई फाटकातून बघत राहिल्या. फोटो काढले गेले, नंबर दिले-घेतले गेले, उंच गृहस्थांनी चूक कबूल केली आणि बंपर भरून द्यायचं मान्य केलं. कपातला चहा निवण्याआधी सगळं मिटलं.

"इथे एवढ्या पटकन कसं मिटलं?" बाईंनी विचारलं.

"इथे नियम आहे ना, बाई," उंच गृहस्थ म्हणाले. "मागे घेणाऱ्याची चूक."

बोलून ते घाईने आपल्या गाडीत बसले, बाकीचे दोघेही बसले. बाई चालत गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"माझंही लिहून द्या. त्याशिवाय एकही गाडी बाहेर जायची नाही."

चष्मेवाल्यांनी भोंगा वाजवून पाहिला. नवशिक्यांसमोर उभं राहण्यात जन्म गेलेल्या बाई तसूभरही हलल्या नाहीत. कॅशियर बाई शिकवणीला आल्या होत्या, त्याही शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मग तिघं पायरीवर बसले आणि लिहायला लागले. टाकी तिघांनी मिळून उचलावी, गाडी तिघांनी मिळून भरून द्यावी. आठवड्याभरात टाकी गेलीही आणि महिन्याने नवी गाडी आलीही. पण त्या सकाळी सह्या करण्याआधी उंच गृहस्थांनी शेवटी एक ओळ घातली: हा करार फक्त या गल्लीपुरता आहे.

बाईंनी कागद दोनदा वाचला. उंच गृहस्थांचंच पेन मागून घेतलं, आणि 'फक्त'च्या आधी थोडी जागा होती तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सध्या'.

मग बाजूला होऊन त्यांनी तिन्ही गाड्या एकेक करून बाहेर काढून दिल्या.